रेणूच्या कानातलं अत्तर

मी येळ्ळूरची, बेळगावला लागूनच हाय आमचं गाव. जन्म तिथला, शाळा तिथली, नवरा बी तिथलाच, दोन गल्ल्या सोडून दिलेली मी, म्हणजे माहेराला जायचं तर चप्पल घालायची बी गरज न्हाई. आधीच सांगून ठेवतो, आमच्याकडं बायका बी गेलतो-आलतोच म्हणत्यात, पुण्याची माणसं हसत्यात त्याला, माझा मुलगा पुण्यात कामाला हाय त्यो बी आता हसतोय, पण या वयात मी काय गेले-आले म्हणायला शिकणार न्हाई, तुम्ही लिहिताना तसंच लिहा. आप्पा माझे, म्हणजे वडील, शेतकरी, भात आन् मसूर, आणि मराठीचा मोर्चा म्हटला की हातातलं खुरपं टाकून निघणार. पाठीवर काठीचे वळ घेऊन आलेले मी बघितल्यात. आई हळद लावायची आन् शिव्या घालायची. आप्पा म्हणायचे भाषा म्हणजे आई हाय गं, तर आई म्हणायची व्हय, आणि मी कोण, मला कवा बघणार. असलं घर. त्या घरातली पोरगी इंग्लिश शाळेत मिस झाली आणि पोरांवर मराठी बोलू नका म्हणून डोळे वटारायला लागली. आप्पा मला कधी काय बोलले न्हाईत त्याबद्दल. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

डीएड केलं मी मराठीतनं. केलं खरं, पण मराठी शाळांतनी जागा भरायच्या बंद, आणि दुसरीकडं जायचं तर कन्नड लिहायला-वाचायला पक्कं पाहिजे, माझं कन्नड म्हणजे बाजारात भाजी घेण्यापुरतं. तीन वर्षं घरात बसलो. नवरा उद्यमबागेत फौंड्रीत, त्याच्या एकट्याच्या पगारात चालत होतं म्हणा कसंबसं, पण शिकून घरात बसायचं म्हणजे जीव आंबतोय माणसाचा. तवा गावाकडनं शहरात जाताना वाटेत एक इंग्लिश शाळा निघाली नवी, नाव घालू नका तुम्ही, तिथं गेलो मुलाखतीला. हेडमिसनी विचारलं इंग्लिश बोलता येतंय का, मी म्हटलं येस मॅडम. तेवढंच येत होतं. घेतलं त्यांनी, कारण मराठी पोरांचे आई-बाप यायचे, त्यांच्याशी बोलायला कोणतरी पाहिजे होतं.

आता शिकवायचं कसं ते ऐका. रात्री घरात गाईड घेऊन बसायचं, अवघड शब्दांवर पेन्सिलनं मराठी अर्थ लिहायचा, सकाळी वर्गात धडा मोठ्यानं वाचायचा, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहायची, पोरांनी उतरून घ्यायची, मंग सगळ्यांनी मिळून म्हणायचं, पाठ होईपर्यंत. घरात मराठी, गल्लीत कन्नड, इथं इंग्लिश, पोरं बिचारी मेंढरांसारखी एका मागनं एक. अंडरस्टुड? येस मिस. सगळा वर्ग एका सुरात. एकदा मी वैतागून म्हटलं आर यू ऑल डाँकीज, तर येस मिस. हसलो मी तवा, स्टाफरूममध्ये जाऊन सगळ्यांस्नी सांगितलं, सगळ्या हसल्या. त्यात हसण्यासारखं काय होतं सांगा. मराठीत दोन शब्द सांगितलं असतं तर पोरांस्नी कळलं असतं, मला बी ते सोपं गेलं असतं, पण मराठी बोलायचं न्हाई हा नियम, आणि हेडमिस व्हरांड्यातनं फिरायच्या त्यांच्या चपलेचा आवाजच यायचा न्हाई. एकदा पकडलं मला. म्हणाल्या, मिस, पालक फी कशासाठी भरत्यात, मराठी घरात फुकट मिळते त्यांना. त्या दिवसापासनं मी शाळेच्या फाटकाच्या आत मराठी बंद केलं ते केलंच.

आणि तपासणीला कोण आलं की हात वर करायचे. ही युक्ती मी काढलेली न्हाई, लई शाळांतनी चालते. पोरांस्नी शिकवून ठेवायचं, उत्तर येत असेल तर उजवा हात, येत नसेल तर डावा, पण हात सगळ्यांनी वर करायचा. साहेब खुश, काय हुशार वर्ग हाय म्हणून. आम्ही उजवा हात बघून उठवायचो.

रेणू माझ्याकडं तिसरीत आली. रेणुका नाव, रेणू म्हणायचे सगळे. जांबोटीच्या पलीकडच्या रानातल्या वाडीतली, चार महिने पाऊस सोडत न्हाई असल्या ठिकाणची, बाप गोव्यात कामाला, आई शांता भातात राबणारी. वाडीत मराठी शाळा होती, एक मास्तर आणि सहा पोरं, मास्तर आठवड्यातनं तीनदा यायचा. म्हणून शांतानं पोरगी येळ्ळूरला भावाकडं ठेवली, आमच्याच गल्लीच्या टोकाला रेणूच्या मामाचं घर. पहिल्या दिवशी शांता स्वतः सोडायला आलती, जांबोटीहून पहिल्या गाडीनं, पदराला चिखल लागलेला. माझे हात धरले तिनं. म्हणाली, बाई, मला सही बी येत न्हाई, पोरीला एवढं इंग्लिश शिकवा की तिला रानात वाकायला नको. मी म्हटलं काळजी करू नका. सगळ्यांस्नीच म्हणतो आम्ही तसं.

पोरगी गोरीपान, शांत, दुसऱ्या बाकावर बसायची आणि माझ्या तोंडाकडं बघत बसायची, टक लावून. मला वाटायचं काय लक्ष देतीय बघा. अक्षर मोत्यासारखं. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरून घ्यायची, एकदा तर डस्टर फिरवताना अर्धी राहिलेली रेघ बी वहीत काढलेली. पण बोलायची न्हाई. विचारलं तर हसायची. मी म्हटलं नवीन हाय, रानातली हाय, इंग्लिश कानावर पडलं न्हाई कधी, येईल हळूहळू. असली पोरं दरवर्षी चार-पाच असत्यातच, पहिलं वर्ष गप्प बसत्यात आन् मंग तोंड उघडलं की मिटत न्हाईत. आमच्याकडं वर्गाबरोबर टीचर बी वर चढत्यात, म्हणजे चौथीत बी ती माझ्याकडंच, पाचवीत बी माझ्याकडंच. हात वर करायचं बी ती शिकली. पुढच्या पोरीनं उजवा केला की ही उजवा, डावा केला की डावा. आता कळतंय ते.

कान फुटायचा तिचा. पावसाळ्यात कापूस घालून यायची, एका कानात, कधी दोन्ही. आमच्याकडं पोरांचे कान फुटत्यात, त्यात काय विशेष न्हाई, लसूण घालून तेल कढवायचं, कोमट करून दोन थेंब सोडायचे, आमच्या आईनं बी आमच्या कानात तेच सोडलेलं. मामी तेच करायची. मामी वाईट न्हाई हां, हे लिहा, मामीनं आपल्या दोन पोरांच्या आधी रेणूला जेवायला वाढलेलं मी बघितलंय.

चौथीच्या पावसाळ्यात वास यायला लागला. कानातनं पू यायचा, त्याचा वास. शेजारची पोरगी नाक धरायला लागली, मंग पुढची, मंग दोघींच्या आयांनी डायरीत लिहून पाठवलं. मी काय केलं, रेणूला उचलून शेवटच्या बाकावर बसवलं, खिडकीजवळ. एकटीला. आणि संध्याकाळी घरी जाताना मामीच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, अगं मामी, वर्गात वास मारतोय पोरीचा, बाकीच्या पोरांचे आई-बाप तक्रार कराय लागल्यात, काय तरी कर. मामी म्हणाली तेल घालतोय की आक्का. मी म्हटलं तेलानं काय वास जातोय व्हय, कापसाला अत्तर-बित्तर लावून पाठव की. हे मी म्हटलं. माझ्या या तोंडानं.

मामीनं बेळगावच्या खडेबाजारातनं अत्तराची बाटली आणली, आणि रोज सकाळी फाया करून पोरीच्या कानात घालायला लागली, दोन्ही कानांत. वर्गात मोगऱ्याचा वास सुटायचा. मी रेणूला गुड गर्ल म्हटलं. वास गेला म्हणजे दुखणं गेलं असं धरलं आम्ही. पण पोरीला शेवटच्या बाकावरनं पुढं आणायचं माझ्या ध्यानातच न्हाई राहिलं, आणि तिचे मार्क घसरत गेले, मी म्हटलं चौथीचं इंग्लिश अवघड हाय, तिला झेपत न्हाई.

त्याच वर्षी पालकसभा झाली. ही सभा मला रोज आठवते. आमच्या कन्नडच्या टीचर सुजाताक्का, लई प्रेमळ बाई, त्या म्हणाल्या, तुमची ही मराठी पोर, हिला कन्नड शिकवून माझा घसा बसला, एक शब्द तिच्या डोक्यात शिरत न्हाई, एन माडोदु, काय करायचं सांगा. मी म्हटलं, अहो इंग्लिशचं बी तेच, मला वाटत होतं कन्नड तरी गल्लीत ऐकून येत असेल. मामी बसलेली समोर. मामी म्हणाली, आक्का, घरात तरी कुठं बोलतीय, मराठीत हाक मारली तरी ओ देत न्हाई, इंग्लिश शाळेत गेल्यापासनं मराठी इसरली की काय कुणास ठाऊक, लई शिष्ट झालीय. आणि आम्ही तिघी हसलो. मी, सुजाताक्का, मामी. तीन बायका, तीन भाषा, आणि एकीला बी वाटलं न्हाई की पोरीला ऐकायला येतंय का बघावं. मराठी शाळेत असती तर गावंढळ मास्तराला बी आठ दिवसांत कळलं असतं, कारण त्याला म्हणायला दुसरी भाषाच नव्हती. आम्हाला प्रत्येकीला दुसरीच्या भाषेवर ढकलायला जागा होती.

पाचवीत, ऊस तोडायच्या दिवसांत, शाळा सुटल्यावर मी येळ्ळूरच्या रस्त्यानं चालत निघालो होतो. रेणू माझ्या पुढं, वीस-पंचवीस पावलांवर, दप्तर पाठीला, रस्त्याच्या मधनं. मागनं उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या भरलेला. हॉर्न मारतोय, मारतोय, ही हलेना. मी ओरडलो. मराठीत ओरडलो मी, रेणू, बाजूला हो गं, मेलीस की. दोन-अडीच वर्षांत पहिल्यांदा त्या पोरीशी मी मराठीत बोललो. तिनं वळून बघितलं न्हाई. ट्रॅक्टरवाल्यानं कचकन ब्रेक मारला, ऊस खाली आला पाच-सहा मोळ्या, चाक तिच्या दप्तराला लागून थांबलं, तवा ती दचकली. ड्रायव्हर शिव्या देतोय, बहिरी हायस का गं. बहिरी हायस का. एका ट्रॅक्टरवाल्याला जे एका मिनिटात कळलं ते मला कळलं न्हाई. मी पळत गेलो. तिच्या मागं जाऊन टाळी वाजवली, नाव घेतलं, परत घेतलं. मंग पुढं जाऊन म्हटलं रेणू, तर माझ्या ओठांकडं बघून हसली, आणि म्हणाली, येस मिस.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढून मामीला आन् तिला बेळगावला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कानात बघितलं. पडदा दोन्हीकडचा गेलेला, उजवीकडचं कानामागचं हाड आतनं पोखरलेलं, पू मेंदूकडं निघालेला. म्हणाले आजच भरती करा. ऑपरेशन झालं. पोरगी वाचली. उजवा कान कायमचा गेला, डाव्यात थोडंसं राहिलंय, मशीन लावलं तर ढोल वाजल्यागत काय तरी येतंय म्हणती. डॉक्टर म्हणाले वर्षभर आधी आणली असती तर दोन्ही कान राखले असते. आणि मंग त्यांनी विचारलं, कानातनं हा अत्तरात भिजलेला कापूस निघालाय, जुना, आत रुतून बसलेला, हे कुणाचं डोकं.

मामीनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी खाली बघितलं. मामी म्हणाली, मी घातला.

का सांगितलं न्हाई तिनं माझं नाव, मला ठाऊक न्हाई. मी मिस म्हणून असेल, मीच दवाखान्यात आणलं म्हणून असेल. मी बी तोंड उघडलं न्हाई. नोकरी जाईल ही भीती होती, खोटं कशाला बोलू, आणि त्याच्यापेक्षा जास्त लाज होती. शांता आली संध्याकाळी, वॉर्डातच मामीवर तुटून पडली, तुझ्या पोटची असती तर घातलं असतंस का गं अत्तर, असं म्हणाली सगळ्यांसमोर. मामी रडत उभी. मामा मधी पडला तर त्याला बी बोलली. त्या दिवसापासनं भावा-बहिणीचं येणं-जाणं बंद, भाऊबीज न्हाई, राखी न्हाई, चार वर्षं झाली. आणि शांता माझ्या पाया पडली, बाई, तुम्ही बघितलं म्हणून पोर जिवंत हाय. मी तिला उठवलं. माझ्यासारखी निर्लज्ज बाई तुम्हाला शोधून सापडायची न्हाई.

शाळेनं घेतलं न्हाई तिला परत. हेडमिस म्हणाल्या आपल्याकडं अशा मुलांची सोय न्हाई. रेणू वाडीला गेली, आईबरोबर भातात वाकायला, जे शांताला नको होतं तेच. मी महिन्यातनं दोन रविवार जातो. जांबोटीपर्यंत गाडी, पुढं तासभर चालत, पावसात जळवा लागत्यात पायाला. पुस्तकं नेतो मराठीची. समोर बसायचं, तोंड तिच्याकडं करून हळू बोलायचं, शब्दावर बोट ठेवायचं, आणि तिनं वाचायचं. मराठीतनं शिकवलं तर काय पोरगी चालती, काय सांगू तुम्हाला. सहा महिन्यांत गोष्टीचं पुस्तक वाचायला लागली. आता चौदा वर्षांची हाय, जे मिळेल ते वाचती, सामानाला गुंडाळून आलेला पेपर सुद्धा. एवढं एकच काम मी आयुष्यात धड केलं आणि ते शाळेच्या बाहेर केलं.

आता यंदा जूनमधली गोष्ट. शांता आली माझ्या दारात, बरोबर धाकटी, सुमी, सहा वर्षांची. म्हणाली, बाई, हिला तुमच्या शाळेत घाला. मी म्हटलं, शांता, एवढं होऊन परत त्याच शाळेत. ती म्हणाली, मंग कुठं घालू, वाडीची शाळा तर बंदच झाली. आणि म्हणाली, भावाच्या घरात न्हाई ठेवणार, ती सटवी हिला बी मारील, हिला तुमच्या घरात ठेवून घ्या, मुलगा पुण्याला, खोली मोकळी हाय तुमची, जगात माझा भरवसा असला तर तुमच्यावर. असं म्हणून पोरीचा हात माझ्या हातात दिला. तवा सांगायला पाहिजे होतं. ओठापर्यंत आलतं. पण पोरीनं माझं बोट धरलेलं, आणि शांता डोळे पुसत होती, आणि मी म्हटलं, ठेव.

सुमी माझ्याकडंच हाय. आत झोपलीय बघा. गल्लीच्या टोकाला मामी तिच्या दारात उभी असती, भाचीला बघत, जवळ यायचं धाडस करत न्हाई. मी रोज तिच्या समोरनं पोरीला घेऊन शाळेत जातो. मामी माझ्याकडं बघती आणि मी पुढं जातो. चार वर्षं ही बाई माझं पाप आपल्या डोक्यावर घेऊन बसलीय आणि मी तिला एका शब्दानं विचारलं न्हाई, का गं.

तुम्ही मघा म्हणाला नावं बदलून टाकू. शाळेचं नावच घालू नका, पण रेणूचं हाय तेच राहू दे. शांताला वाचता येत न्हाई. मामीनं शाळा तिसरीत सोडली, ती पुस्तकाला हात लावत न्हाई. सुमी इंग्लिश शाळेत हाय, तिला मराठी वाचायला कोण शिकवणार न्हाई. रेणूला वाचता येतंय. पुस्तक छापून आलं की एक मला पाठवा, मी ते घेऊन जाणार हाय. चौदा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर हे घालणं बरं न्हाई, कळतंय मला, पण तिचा कान गेला, तिला आधी कळायला पाहिजे, मंग आईला सांगायचं का न्हाई, मामीला घरात घ्यायचं का न्हाई, मला दारात उभं करायचं का न्हाई, ते तिनं ठरवावं. देव तिला सुखात ठेवू दे, माझं काय व्हायचं ते होऊ दे. तोंडानं सांगायला गेलो तर मी कायतरी गाळीन, मला माहीत हाय माझं. त्यापेक्षा तिच्या हातात पुस्तक द्यायचं, आणि तिचं वाचून होईपर्यंत समोर बसून राहायचं.